धुराड्याची चूल, पंख्याची चूल की गॅस?

उघडी चूल बदलायची म्हटलं की विकणारा पहिलं वाक्य टाकतो, "जळण निम्मं लागेल." लागतही असेल. पण जळण वाचलं म्हणून फुप्फुसं वाचली असा हिशेब जमत नाही.

धुराड्याची चूल आहे त्याच सरपणावर चालते, हा तिचा मोठा गुण. धूर मात्र होतोच, फक्त वरून बाहेर पडतो. धुराडं छपराच्या वर नीट गेलेलं नसेल तर तोच धूर वळून घरात शिरतो आणि आत काजळी साचली की ओढ मंदावून चुलीच्या तोंडातूनच मागे येतो. ग्वाटेमालातल्या चाचणीत (निकाल 2011) अशा चुलीमुळे मुलांच्या श्वासात जाणारा कार्बन मोनॉक्साइड (अर्धवट जळणातून होणारा विषारी वायू) निम्म्यावर आला. गंभीर न्यूमोनिया घटला, पण एकूण न्यूमोनियात खात्रीची घट दिसली नाही.

पंख्याची चूल, म्हणजे बॅटरीवरच्या छोट्या पंख्यानं जाळाला हवा देणारी, कागदावर जास्त स्वच्छ. तिला वाळलेलं, बारीक फोडलेलं लाकूड लागतं, बॅटरी चार्ज लागते आणि पंखा बिघडला की दुरुस्ती कोण करणार हे आधीच विचारावं लागतं. मलावीतल्या मोठ्या चाचणीत (2017) तिच्यामुळे मुलांचा न्यूमोनिया कमी झाला नाही.

लोणारी कोळशाची शेगडी फसवी. धूर डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वासही नसतो; बंद खोलीत तो जीव घेतो. रॉकेल घरात वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटना 2014 पासून सांगते आहे.

गॅसचे आकडे वेगळे दिसतात. ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडातल्या चाचणीत गरोदर बायकांच्या श्वासातले सूक्ष्म कण (पीएम 2.5) सरपणावर घनमीटरला सुमारे 71 मायक्रोग्रॅम होते, गॅसवर 24. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा 5 आहे, म्हणजे 24 सुद्धा कमी नव्हे. बाळांच्या जन्मवजनातही फरक पडला नाही. शिवाय तिथे सिलिंडर फुकट आणि घरपोच होते. विकत घ्यायचं झालं की गॅस चहापुरता उरतो आणि अंघोळीचं पाणी पुन्हा चुलीवर चढतं. विजेच्या शेगडीचं तेच, फक्त अडचण भारनियमनाची.

म्हणून माझं मत: वर्षभर सिलिंडर भरून घेण्याइतका पैसा आणि पुरवठा असेल तर गॅस घ्या, आणि पाणी तापवायची सोयही त्याच दिवशी करा. नसेल तर धुराड्याची चूल घ्या, सरपण पावसाच्या आत झाकून ठेवा आणि धुराडं झाडायची जबाबदारी घरातल्या एका माणसावर टाका. पंख्याची चूल मी तरी शेवटी ठेवेन.