शैक्षणिक कर्जाची सेवा: कोथरूडमधील एका बँक शाखेचे परीक्षण

मुलाला कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून पुण्यातील खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढावी की कर्ज घ्यावे, यावर घरात एकमत होईना. कोथरूडमधील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत मिळालेल्या मार्गदर्शनामुळे हा प्रश्न सुटला, म्हणून ही सेवा मला मोलाची वाटते.

तेथील अधिकारी बाईंनी सारा हिशेब मुलासमोर मांडला. वर्षाला दीड लाख याप्रमाणे ६ लाखांचे कर्ज टप्प्याटप्प्याने थेट महाविद्यालयाकडे जाते असे मानले आणि सोयीसाठी व्याजदर १० टक्के धरला, तर शिक्षणाची चार वर्षे व पुढचे सवलतीचे एक वर्ष मिळून २ लाख १० हजार रुपये सरळव्याज साचते. या काळात काहीही न भरण्याची मुभा असते, आणि बहुतेक घरे तिथेच निश्चिंत होतात. आम्ही मात्र व्याज आईवडिलांनी दरमहा भरावे व मुद्दल मुलाने नोकरी लागल्यावर फेडावे, असे ठरवले. पहिल्या वर्षी महिना साडेबाराशे, चौथ्या वर्षी पाच हजार, एवढा भार आमच्या पगारात बसतो आणि निवृत्तीची पुंजी शाबूत राहते.

आमचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याने पीएम विद्यालक्ष्मी योजनेतील ३ टक्के व्याजसवलतीचाही विचार झाला. ती योजनेच्या यादीतील संस्थांपुरती आहे, शिवाय दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यास ती मिळत नाही, हे बाईंनी आपण होऊन सांगितले. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत मुलाला शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. त्यामुळे आम्ही तीच निवडून कर्जाचा आकडा खाली आणला. ग्राहकाने कमी कर्ज घ्यावे असा सल्ला बँकेतूनच मिळावा, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

त्याच शाखेतील दुसऱ्या टेबलावर मात्र विमा पॉलिसी घेतल्याशिवाय मंजुरी मिळणार नाही, असे सुचवले गेले. तसा नियम लेखी मागताच तो आग्रह थांबला. परंतु प्रवेशाच्या धावपळीत असलेले पालक बहुधा सही करून मोकळे होतात, आणि ही गोष्ट गंभीर आहे. मंजुरीलाही वेळ लागल्याने शुल्काचा पहिला हप्ता बचतीतून भरावा लागला. प्रवेशाचे पत्र, महाविद्यालयाचे शुल्कपत्रक आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवून, मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊनच या शाखेत जावे.