आखूड सरळ तारेचा इंडक्टन्स: कोणता अंदाज कशासाठी धरावा

गोव्यात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बेतूल, कुटबण, मालीम येथील ट्रॉलर धक्क्याला लागलेले असतात आणि त्यांवरील व्हीएचएफ रेडिओ संच याच काळात दुरुस्तीच्या टेबलावर येतात. अशा संचाच्या फिल्टरमधील एखादा कॅपॅसिटर बदलायचा झाला, की त्याला ग्राउंडशी जोडणाऱ्या एक सेंटिमीटर तारेचा इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला तारेचा होणारा विरोध) किती धरायचा, हा प्रश्न हमखास उभा राहतो. फोंड्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडूनही मी तो वारंवार ऐकतो. त्याची उत्तरे काढण्याच्या चार-पाच वाटा आहेत आणि त्या एकाच तारेसाठी वेगवेगळे आकडे देतात. त्यामुळे कोणती वाट कोणत्या कामाला पुरते, हे आधी ठरवावे लागते.

सर्वांना ठाऊक असलेला अंगठेनियम म्हणजे एका मिलिमीटरला एक नॅनोहेन्री (हेन्री हे इंडक्टन्सचे एकक, नॅनोहेन्री त्याचा अब्जावा भाग). तो खोटा नाही, मात्र तो एका विशिष्ट जाडीला आणि लांबीलाच नेमका बसतो. चिपच्या आत वापरतात तशी २५ मायक्रॉन व्यासाची, एक मिलिमीटर लांब बाँड वायर घेतली तर सविस्तर गणिताने सुमारे ०.८५ नॅनोहेन्री येतात, म्हणजे नियम जवळपास खरा ठरतो. एक मिलिमीटर व्यासाची आणि दहा सेंटिमीटर लांबीची तांब्याची तार घेतली तर १०५ नॅनोहेन्री येतात आणि तेथेही तो खरा ठरतो. पण त्याच जाडीची तार दहा मिलिमीटरच असेल, तर आकडा ५.९ वर उतरतो, आणि नियमाने सांगितलेले दहा नॅनोहेन्री जवळजवळ पावणेदोन पट ठरतात. आखूड आणि जाड तारेच्या बाबतीत हा नियम नेहमी जास्तच सांगतो, हे लक्षात ठेवले तर तो वरची मर्यादा म्हणून निर्धास्तपणे वापरता येतो.

हे आकडे ज्या सूत्रातून आले ते एडवर्ड रोझा यांनी १९०८ साली अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करताना मांडले. लांबी आणि व्यास सेंटिमीटरमध्ये घ्यावेत. चार वेळा लांबी भागिले व्यास या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम काढावा, त्यातून ०.७५ वजा करावे आणि उरलेल्याला लांबीच्या दुपटीने गुणावे, म्हणजे उत्तर नॅनोहेन्रीत मिळते. उच्च वारंवारतेला ०.७५ ऐवजी १ वजा करावा लागतो, कारण प्रवाह तारेच्या पृष्ठभागाशी गोळा होतो आणि आतल्या भागातील चुंबकीय क्षेत्र नाहीसे होते. तांब्यात हा थर १ मेगाहर्ट्झला सुमारे ६६ मायक्रॉन, तर १०० मेगाहर्ट्झला फक्त ६.६ मायक्रॉन जाड असतो. आपली दहा मिलिमीटरची तार यामुळे ५.९ वरून ५.४ वर येते. लॉगॅरिथमचा परिणाम असा, की व्यास दुप्पट करूनही इंडक्टन्स सुमारे एक चतुर्थांशच कमी होतो, मात्र लांबी दुप्पट केली की तो ५.९ वरून १४.५ वर, म्हणजे दुपटीहून अधिक होतो. जाड तार शोधत बसण्यापेक्षा तीच तार दोन मिलिमीटर आखूड कापणे बहुतेक वेळा अधिक उपयोगी पडते.

इथवर कोणाचा फारसा मतभेद नसतो; अडचण पुढे आहे. एकट्या तारेतून प्रवाह वाहू शकत नाही, तो कोठूनतरी परत यावाच लागतो, आणि इंडक्टन्स ही खऱ्या अर्थाने त्या पूर्ण वळशाची राशी आहे. रोझांच्या सूत्राचे उत्तर हे त्या वळशातील एका बाजूचा हिस्सा आहे. या हिश्श्याला आंशिक इंडक्टन्स म्हणतात, आणि आयबीएममधील अल्बर्ट रूली यांनी १९७२ साली गुंतागुंतीच्या परिपथांसाठी हा विचार पद्धतशीर मांडला. परतीचा प्रवाह विरुद्ध दिशेने वाहतो, म्हणून तो जितका जवळ, तितकी परस्पर इंडक्टन्सची (एका तारेच्या चुंबकीय क्षेत्राचा दुसरीवर होणाऱ्या परिणामाची) वजाबाकी मोठी. माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच आहे: परतीचा मार्ग कोठून जातो हे ठाऊक असेल तर रोझांच्या सूत्रावर थांबू नये, आणि ठाऊक नसेल तर कोणत्याही सूत्राच्या दुसऱ्या दशांश स्थळावर विश्वास ठेवू नये.

तार ग्राउंड प्लेनच्या (ग्राउंडला जोडलेल्या तांब्याच्या सपाट थराच्या) वर समांतर धावत असेल, तर सोपे सूत्र असे: चार वेळा उंची भागिले व्यास याचा नैसर्गिक लॉगॅरिथम गुणिले ०.२, उत्तर प्रति मिलिमीटर नॅनोहेन्रीत. उंची तारेच्या मध्यापासून मोजावी. एक मिलिमीटर जाडीची तार तीन मिलिमीटर उंचीवर असेल तर साधारण ०.५ नॅनोहेन्री प्रति मिलिमीटर, म्हणजे दहा मिलिमीटरला पाच. परंतु हे सूत्र उंचीच्या मानाने पुष्कळ लांब असलेल्या तारेसाठी आहे, आणि आपली तार तशी नाही. अशा वेळी प्लेनच्या खाली तितक्याच खोलीवर तारेची आरशातील प्रतिमा आहे असे धरून, सहा मिलिमीटर अंतरावरील दोन समांतर तारांचा परस्पर इंडक्टन्स रोझांच्या उत्तरातून वजा करावा. तो सुमारे १.४४ निघतो आणि ५.४ (नेमके ५.३८) मधून जाऊन ३.९ नॅनोहेन्री उरतात. तारेच्या टोकांना खाली येणारे उभे पाय त्यात थोडी भर घालतात, म्हणून खरा आकडा चार ते पाचच्या दरम्यान धरणे मला रास्त वाटते.

या फरकाचा व्यवहारात काय अर्थ होतो, हे त्या रेडिओवरच पाहावे. सागरी व्हीएचएफचे चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, आणि त्याची तिसरी संनादी वारंवारता, म्हणजे तिप्पट, ४७०.४ मेगाहर्ट्झ. फिल्टरमधील २० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर दहा नॅनोहेन्रीच्या तारेने ग्राउंडला जोडला असे धरले तर त्याचे स्वतःचे अनुनादन (जेथे तारेचा आणि कॅपॅसिटरचा परिणाम एकमेकांना रद्द करतात) ३५६ मेगाहर्ट्झला होते, ५.४ धरले तर ४८५ ला, आणि ३.९ धरले तर ५७० ला. अनुनादनाच्या वर तो कॅपॅसिटर इंडक्टरसारखा वागू लागतो. म्हणजे तिसरी संनादी वारंवारता अनुनादनाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हेच अंदाजाच्या निवडीवर ठरते. येथे अंगठेनियम पुरेसा नाही.

वळणे, व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी धातूची छिद्रे) आणि अनेक समांतर तारा एकत्र आल्या की हाताने गणित करण्यात अर्थ उरत नाही. एमआयटीमध्ये तयार झालेला फास्टहेन्री हा विनामूल्य प्रोग्राम अशा रचनांसाठी योग्य आहे, परंतु एका सरळ तारेसाठी त्याची फाइल लिहिण्यात जाणारा वेळ वाया जातो.

मोजमापाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण मीटरवर दिसणारा आकडा नकळत खरा मानला जातो. १०० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या एलसीआर मीटरला (इंडक्टन्स, कॅपॅसिटन्स आणि रोध मोजणाऱ्या) सहा नॅनोहेन्री म्हणजे जेमतेम पावणेचार मिलिओहम दिसतात, आणि चिमट्यांच्या स्पर्शाचा रोध सहज तेवढा असू शकतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पितळी चिमटे महिन्याभरात काळवंडतात, त्यामुळे ही शंका येथे अधिकच खरी आहे. नॅनोव्हीएनएसारखे, उच्च वारंवारतेला परिपथाचा प्रतिसाद मोजणारे स्वस्त यंत्र १०० मेगाहर्ट्झला तेच मूल्य पावणेचार ओहम म्हणून दाखवते, त्यामुळे ते या कामाला पुष्कळ बरे. तरीही कॅलिब्रेशनचे टोक आणि तार यांच्या मधला सांधा स्वतःच एखादा नॅनोहेन्री घालतो. यावर मला पटलेला उपाय असा, की तांब्याच्या एकाच बोर्डावर, एकाच उंचीवर ४० आणि ८० मिलिमीटरच्या दोन तारा डाग देऊन बसवाव्यात, प्रत्येकीचे दूरचे टोक ग्राउंडला जोडावे, आणि ३० मेगाहर्ट्झच्या आसपास दोन्ही मोजून वजाबाकी करावी. सांध्यांचा आणि उभ्या पायांचा वाटा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तो वजाबाकीत निघून जातो, आणि चाळीस मिलिमीटरचा शुद्ध फरक हाती राहतो.

वीजजोडणीच्या कामात याच्या उलट, अंगठेनियमच पुरतो. मेच्या अखेरीस गडगडाट सुरू झाला की सर्ज प्रोटेक्टर (विजेमुळे तारांत येणारा जादा व्होल्टेज अर्थकडे वळवणारे उपकरण) बसवून घेण्याची धावपळ होते. त्याच्या जोडतारा एकूण अर्धा मीटरपेक्षा लांब नसाव्यात असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. चार चौरस मिलिमीटरच्या तारेचा अर्धा मीटर रोझांच्या सूत्राने (१ वजा करून) ५८० नॅनोहेन्री देतो आणि नियमाने ५००. प्रवाह मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअरने वाढला तर त्यावर पाच-सहाशे व्होल्ट उभे राहतात, आणि ते प्रोटेक्टरच्या स्वतःच्या व्होल्टेजमध्ये मिळून घरातील उपकरणांपर्यंत पोचतात. येथे ५०० की ५८० याने निर्णय बदलत नाही. फेजची तार आधी थेट प्रोटेक्टरच्या टर्मिनलवर आणून तेथूनच पुढे न्यावी, आणि अर्थची जोडणीही तशीच करावी, म्हणजे फाट्याची लांबीच उरत नाही.