तडकलेलं स्टिअरिंग: अराल्डाइट भरावं की चामडं शिवावं?

जुन्या फियाटचं स्टिअरिंग तडकतं ते ठरलेल्या जागी. आरे कड्याला मिळतात तिथे पहिली चीर, मग वरच्या अर्ध्या गोलात दोन-तीन, कारण ऊन तिथेच पडतं. आतलं लोखंडी कडं आहे तेवढंच राहतं, वरचं प्लॅस्टिक मात्र वर्षागणिक आकसत जातं. शिवाय उन्हात प्लॅस्टिक लोखंडाच्या कितीतरी पट फुगतं आणि रात्री पुन्हा आक्रसतं. पन्नास-साठ वर्षं ही ओढाताण चालली की कुठेतरी फाटणारच.

माझी गाडी १९६८ ची फियाट डिलाइट. फिकट हस्तिदंती रंगाचं, बारीक कड्याचं स्टिअरिंग. त्यावर मी दोन्ही उपाय करून पाहिले. आधी चामडं, दोन वर्षं. मग अराल्डाइट, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा तो इपॉक्सी गोंद, त्याला आता चार उन्हाळे झाले.

तिसरा मार्ग म्हणजे दुसरं स्टिअरिंग शोधणं. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, सगळीकडे फिरलो. नंतर आलेल्या पद्मिनीची सापडतात, पण डिलाइटचं मिळालं तेव्हा तेही तडकलेलंच होतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, तेव्हा भंगारातून येणारा मालही आता आटत जाणार. म्हणून खरी निवड वरच्या दोघांतच.

चामड्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. स्टिअरिंग उतरवावं लागत नाही. चांगला सीट कव्हरवाला अर्ध्या दिवसात हाताने शिवून देतो. मे महिन्यात हात भाजत नाही, घामेजलेली पकड सुटत नाही. रोज गाडी काढणाऱ्याला आणखी काय हवं? पहिले सहा महिने मी अगदी खूश होतो.

मग मला वाटायला लागलं की स्टिअरिंगमधला प्ले, म्हणजे चाकं वळण्याआधी ते नुसतंच फिरतं तेवढी ढिलाई, वाढलाय. या गाड्यांत थोडा प्ले असतोच, तो किती आहे हे आपल्या बोटांना पाठ असतं. मेकॅनिककडे गेलो, प्ले काढा म्हटलं. त्याने स्टिअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीचा, स्क्रू आवळला. प्ले होता तसाच, वर स्टिअरिंग जड झालं. पुढच्या रविवारी खंबाटकी घाटात वळण संपल्यावर चाकं आपणहून सरळ होईनात, प्रत्येक वळणानंतर ओढून आणावी लागत होती. घाट उतरेपर्यंत जीव मुठीत होता. मेकॅनिकची यात काही चूक नव्हती, मी सांगितलं तेच त्याने केलं.

घरी येऊन उभ्या गाडीत स्टिअरिंग घट्ट धरून हलवलं तेव्हा उलगडा झाला. चामडं कड्यावर सरकत होतं. अगदी किंचित, दोन-तीन मिलिमीटर. पण पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना जो जोर लागतो, त्याने शिलाई हळूहळू सैल होते आणि आधी चामडं वळतं, मग कडं. बॉक्स झिजलाय की चामडं घसरतंय, हे हाताला कळेनासं होतं. जुन्या गाडीचं दुखणं आधी हातालाच कळतं. टायरमधली हवा, घासत चाललेले जोड, सैल झालेला बॉक्स, सगळ्याची खबर त्या कड्यातूनच येते. तिथेच मधे काहीतरी सरकत असेल तर मला ते चालत नाही. माझा निर्णय या एका गोष्टीवर झाला.

चामडं सोडवलं तर खाली घाम मुरून चिरांमधलं कडं गंजलेलं होतं. चिरा आधीपेक्षा रुंद. झाकलेल्या असल्यामुळे दोन वर्षं दिसल्या नव्हत्या.

अराल्डाइटचं काम चिवट आहे. मला तीन शनिवार-रविवार लागले. उतरवण्याआधी शाफ्टवर (स्टिअरिंग बसतं त्या दांड्यावर) आणि स्टिअरिंगवर लोखंडी पंच ठोकून खूण करा, आणि ओढून काढायला पुलर हे हत्यारच वापरा, हातोडी नको. चीर नुसती भरून उपयोग नाही. हॅक्सॉ पातं आणि तिकोनी कानस घेऊन ती खालच्या लोखंडापर्यंत व्ही आकारात उघडायची. जीव होत नाही, पण करायचं. गंज खरवडायचा, थिनरने पुसायचं, मग सावकाश सुकणारं अराल्डाइट थोडं उंचच भरायचं. झटपट सुकणारं मी या कामाला घेत नाही. दोन रात्री हात लावायचा नाही. नंतर कानस, १२० चा पॉलिश पेपर, ४०० आणि ६०० चा वॉटर पेपर. प्रायमर मारला की न दिसलेली भोकं दिसतात, ती पुन्हा भरायची. वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग.

एका पेंटरने मला आधी चिरांत गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबीच (पुट्टी) भरून दिली होती. महिन्याभरात ती खपलीसारखी निघाली. पत्र्यावर लांबी ठीक, पण स्टिअरिंग हातात सतत पिळलं जातं, तिथे ती टिकत नाही. रंग जुळवायला हॉर्नच्या बटणाखालचा भाग दुकानात दाखवा. तिथे ऊन लागलेलं नसतं, मूळ रंग तोच.

याचीही दुखणी आहेत. घरच्या हवेत सुकलेलं अराल्डाइट साधारण पन्नास-साठ अंशांना मऊ पडायला लागतं, आणि उन्हात बंद गाडीतलं स्टिअरिंग तेवढं सहज तापतं. ज्यांची गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते त्यांनी हे धरून चालावं. त्यांच्यासाठी कदाचित चामडंच बरं, पण आधी चिरा भरून, आणि चामडं नुसतं न शिवता खाली पूर्ण चिकटवून. माझी गाडी शेडमध्ये असते, बाहेर उभी केली की स्टिअरिंगवर पांढरा पंचा टाकतो.

तरीही गेल्या मे महिन्यात डाव्या आऱ्यापाशी केसाएवढी रेघ उमटली. हस्तिदंती रंगावर ती लगेच दिसली. त्याच रविवारी तेवढीच जागा कानशीने उघडली, भरली आणि उरलेल्या रंगाचा हात फिरवला. तो रंग एका बाटलीत जपून ठेवला आहे.