जुन्या एचओ प्रवासी डब्यांना धातूची चाकं आणि कॅडी कपलर : पावसाळा धरून काही महिन्यांच्या वापरानंतर

एएचएम या विक्रेत्या कंपनीच्या खोक्यातून अमेरिकेत विकले गेलेले रिव्हारोसी या इटालियन कंपनीचे जुने एचओ (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचे) प्रवासी डबे सेकंडहँड बाजारात अजून बऱ्यापैकी मिळतात. खिडक्यांची रांग, छताची गोलाई, रिव्हेट हे सगळं आजही बघण्यासारखं आहे. अडचण खालच्या अंगाला आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे चाकांचे फ्लँज (रुळाच्या आत उतरणारी कड) खोल आणि एक्स२एफ जातीचा कपलर (डबे एकमेकांना जोडणारा आकडा) थेट बोगीला जोडलेला. कोड १०० रुळावर (उंची २.५४ मिमी) हे डबे निमूट धावतात. कोड ८३ वर (२.११ मिमी) आले की फ्लँज आतल्या बाजूच्या खिळ्यांच्या डोक्यांवर आपटतात, टकटक सुरू होते आणि सांध्याच्या फ्रॉगवर (दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे) डबा उचलला जातो.

सहा डब्यांच्या रेकला ३६ इंची, आरपी-२५ घडणीची (एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीची, कमी खोल फ्लँजची) धातूची चाकं आणि डब्याच्या तळाला बसवलेले कॅडी या अमेरिकी कंपनीचे १४८ नंबरचे कपलर, असा हा बदल आहे. मत आधीच सांगून टाकतो. चाकांचे पैसे लगेच वसूल होतात. कपलरचेही होतात, पण उंची साधली तरच. आणि कामाचा क्रम बदलायचा नाही: चाकं, मग उंची, मग कपलर. बरेच जण कपलर आधी बसवतात, कारण तेच काम दिसायला मोठं. मग चाक बदललं की उंची हलते आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

सामानाचा हिशोब सोपा आहे. चार अ‍ॅक्सलचे सहा डबे म्हणजे २४ अ‍ॅक्सल, बाराच्या दोन पाकिटांत भागतं. कपलर १२ लागतात, चार नगांची तीन पाकिटं. एखादं पाकीट जास्तीचं मागवा, कारण कपलरच्या डोक्यातल्या हलत्या बोटामागची बारीक स्प्रिंग चिमट्यातून उडाली की सापडत नाही. (काम पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत हात घालून केलं तर उडालेली स्प्रिंग पिशवीतच राहते.) कस्टम ड्यूटी आणि पोस्टेज पाहता चार जणांनी मिळून ऑर्डर टाकलेली बरी.

३६ इंच म्हणजे एचओ मापात साधारण १०.५ मिमी व्यास. ३३ इंची चाक मालगाडीचं, ९.६ मिमीचं. दोन्ही पाकिटं दिसायला सारखीच असल्यामुळे गफलत होते. प्रवासी डब्याला ३३ इंची चाकं घातली तर तो जवळजवळ अर्धा मिमी खाली बसतो आणि तिथून पुढे सगळीच मापं चुकत जातात.

चाक काढायला डबा फोमच्या खाचेत उलटा ठेवायचा, बोगीची एक बाजू अंगठ्याने हलकेच बाहेर ताणायची, अ‍ॅक्सल आपोआप सुटतो. नवा अ‍ॅक्सल घालण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर. एनएमआरएचं पत्र्याचं गेज असेल तर उत्तम, नाहीतर कॅलिपरवर १४.४ मिमीच्या आसपास हवं. नवं पाकीट आहे म्हणून ते बरोबरच असेल असं धरू नका. फरक निघाला तर चाक अ‍ॅक्सलवर पिळत पिळत सरकवायचं. ठोकलं तर ते वाकडं बसतं आणि चालताना डुलतं.

दुसरी, अ‍ॅक्सलची लांबी. अमेरिकी बोग्यांतले सुईटोकाचे अ‍ॅक्सल साधारण २५ ते २६ मिमीचे असतात, पण जुन्या बोग्यांत हे माप प्रत्येक वेळी जुळतंच असं नाही. अ‍ॅक्सल लांब पडला तर बोगीच्या बाजू फुगतात आणि चाक जड फिरतं. आखूड पडला तर डबा एका बाजूला कलतो. बसवल्यावर बाजूला ०.३ ते ०.५ मिमी प्ले (मोकळीक) राहिला पाहिजे. किंचित घट्ट वाटलं तर ६० अंशांच्या टोकाचं ट्रक ट्यूनर हे हत्यार अ‍ॅक्सलचं टोक बसतं त्या खळग्यात बोटांनी दोन-तीन वेळा फिरवायचं. साच्यातून राहिलेली आतली बारीक कड आणि जुना मळ निघतो, बहुतेक वेळा तेवढंच कारण असतं. जास्त फिरवलं तर खळगा खोल होतो आणि तो भरून काढता येत नाही.

चाचणीसाठी एक मीटर काच किंवा सरळ रूळ घ्यायचा आणि एका टोकाखाली २० मिमीचा ठोकळा सरकवायचा. हा दोन टक्क्यांचा चढ झाला. त्यावरून डबा न ढकलता सुटला पाहिजे. चारातला एकच अ‍ॅक्सल अडत असला तरी डबा सुटत नाही. मग एकेक अ‍ॅक्सल काढून पाहायचा, दोषी लगेच सापडतो.

सहा चाकी बोगीच्या हेवीवेट (जुन्या जड बांधणीच्या) डब्यांचं प्रकरण जरा वेगळं. तिथे मधला अ‍ॅक्सल वर-खाली मोकळा आणि आडवाही थोडा सरकता लागतो. नाहीतर रूळ जरा उंचावला की सगळं वजन मधल्या चाकांवर येतं, टोकाची चाकं हवेत राहतात आणि वळणावर फ्लँज चढतो. काचेवर ठेवून प्रत्येक चाकाखाली पातळ कागद सरकवून पाहिला की कळतं. डब्यात दिवे असले तर एका बाजूने इन्सुलेट केलेली, धातूच्या अ‍ॅक्सलची चाकं घ्यावी लागतात. एका बोगीतली सगळी इन्सुलेटेड चाकं डावीकडे, दुसऱ्या बोगीतली सगळी उजवीकडे. बोगीत एक जरी उलटं बसलं तर शॉर्ट होतो आणि डीसीसीचा (डिजिटल नियंत्रणाचा) बूस्टर लगेच बंद पडतो. रुळावर ठेवण्याआधी मल्टिमीटर लावायची सवय ठेवा. करंट घेणारी फॉस्फर ब्राँझची तार चाकाच्या घेरावर टेकवण्यापेक्षा अ‍ॅक्सलवर टेकवली तर ओढ कमी राहते.

अ‍ॅक्सलबद्दल आणखी एक गोष्ट, जी कॅटलॉगमध्ये वाचून लक्षात येत नाही. पोलादी अ‍ॅक्सल असेल आणि रुळांमध्ये कपलर सोडवणारं चुंबक बसवलेलं असेल, तर उभा डबा स्वतःहून त्या चुंबकाकडे सरकतो, ताण ढिला पडतो आणि नको तिथे गाडी सुटते. पितळी किंवा प्लास्टिक अ‍ॅक्सलला हा त्रास नाही.

आता उंची. कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे ९.९ मिमी. याला कॅडीचं २०५ नंबरचं गेज लागतंच. पट्टीने मोजून हे काम होत नाही. २०५ धातूचं आहे, रुळात करंट असताना ठेवलं तर शॉर्ट होतो. चालू लेआउटवर मोजायचं असेल तर इन्सुलेटेड २०६ घ्या. डबा खाली असेल तर बोगी आणि तळ यांच्यामध्ये फायबर वॉशर घालायचा: करडा ०.०१० इंची (पाव मिमी) किंवा लाल ०.०१५ इंची. दोन्ही बोग्यांना सारखाच, नाहीतर डबा नाक वर करून धावतो. डबा उंच असेल तर कपलरची डबी (दांडी जिच्यात बसते ती) आणि तळ यांच्यामध्ये स्टायरीनची अर्धा मिमीची पट्टी घालून डबीच खाली आणायची. बोगीची बैठक कानसने घासून डबा खाली बसवायचा मार्ग टाळा. घासलेलं परत येत नाही आणि फ्लँज तळाला घासायला लागतो.

बोगीचे दोन्ही स्क्रू सारखे आवळू नयेत. एक इतका घट्ट की बोगी वळेल पण डुलणार नाही, दुसरा इतका ढिला की ती सगळीकडे डुलेल. तीन टेकूंवर बसलेला डबा वेड्यावाकड्या रुळावरही चारही कोपरे टेकवून चालतो. रुळावरून उतरण्याच्या बऱ्याच तक्रारी चाकांच्या नसून या स्क्रूंच्या असतात.

कपलर डब्याला लावायचा की बोगीला, हे वळणाच्या त्रिज्येवर ठरतं. ८५ फुटी डबा एचओमध्ये साधारण २९८ मिमी लांब, बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर साधारण २०८ मिमी. हिशोब केला तर २२ इंची वळणावर डब्याचं टोक रुळाच्या मध्यरेषेपासून सुमारे १० मिमी बाहेर जातं, ३० इंची वळणावर साडेसात. पूर्ण वळणावर दोन्ही डबे सारखेच बाहेर गेलेले असल्यामुळे चालून जातं. सरळ रुळावरून वळणात शिरताना एक डबा मध्यावर आणि दुसरा १० मिमी बाहेर, तिथे कपलरची दांडी डबीच्या कडेला टेकते आणि हलका डबा ओढून उतरवते. उलट-सुलट वळण लागोपाठ आलं तर हा फरक दुप्पट. म्हणून ३० इंच किंवा मोठ्या वळणाला १४८ डब्याच्या तळाला, २४ ते ३० मध्ये लांब दांडीचा १४६, आणि २२ किंवा त्याखाली कपलर बोगीवरच राहू द्यावा. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत बसणारी वळणं बहुतेक २२ इंचीच असतात, तेव्हा तळाला लावायचा हट्ट धरू नये. मात्र बोगीवरचा कपलर गाडी मागे ढकलताना बोगीला तिरकी करतो. लांब गाडी मागे घ्यायची असेल तर सावकाश.

जुन्या कपलरचा हात बोगीपासून कापायचा तो बारीक दातांच्या करवतीने, बोगीच्या मधल्या पट्टीला धक्का न लावता. मग कपलरची डबी तळाच्या मध्यरेषेवर. कॅडीचा स्क्रू २-५६ मापाचा असतो, त्याला १.८ मिमीचं भोक आणि आटे पाडायचा २-५६ टॅप. हा टॅप आपल्याकडे सहज मिळत नाही. एम-२ चा टॅप मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळतो, एम-२ बाय ६ मिमी स्क्रू पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतही मिळून जातो. एम-२ ला १.६ मिमीचं भोक. स्क्रू डबीच्या भोकात किंचित सैल राहतो, पण डोकं पकडून धरतं. आवळताना जपून: शेवटचा पाव फेरा जास्त झाला की डबीचं झाकण आत वाकतं आणि दांडी अडकते. बोटाने कपलर एका बाजूला ढकलून सोडायचा. तो आपणहून मध्यावर आला पाहिजे. नाही आला तर स्क्रू पाव फेरा ढिला करून पुन्हा पाहायचं. तरीही अडला तर दांडीच्या कडेला साच्यातून राहिलेलं प्लास्टिक ब्लेडने खरवडायची आणि कुलपात टाकतात ती ग्राफाइटची पूड चिमूटभर घालायची. तेल अजिबात नको, धूळ धरून चिकट लगदा होतो. डब्याला रंग द्यायचा असेल तर डबी बंद करण्याआधी द्या, आत गेलेला रंग निघत नाही.

कपलरखालची वाकडी तार (चुंबक ओढतं ती) रुळाच्या माथ्यापासून ०.८ मिमी वर हवी, गेजवर त्याची खूण आहे. खाली राहिली तर ती फ्रॉगमध्ये किंवा फाटकाच्या फळीत अडकते. २३७ नंबरचा पक्कड ती सांधा न मोडता वाकवतो. चुंबक वापरणारच नसाल तर तार सरळ कापून टाका, गाडी सोडवायला बांबूची काडी पुरते.

वजन हा विसरला जाणारा भाग. एनएमआरएच्या शिफारशीप्रमाणे १ औंस अधिक प्रत्येक इंच लांबीला अर्धा औंस, म्हणजे या डब्याला साधारण १९५ ग्रॅम. कमी पडणारं वजन टायरच्या दुकानात मिळणाऱ्या ५ आणि १० ग्रॅमच्या चिकट बॅलन्सिंग पट्ट्यांनी भरून निघतं. स्वस्त आणि मापात. त्या तळाशी, बोग्यांच्या वर चिकटवायच्या, छताला नाही.

महिनाभरात चाकांचा काळा मुलामा घेरावरून घासून जातो आणि धातू चकाकतो. ते बिघडणं नाही, करंट घ्यायला उलट बरंच. प्लास्टिकच्या चाकांवर जो काळा थर चढायचा तो धातूवर बराच कमी चढतो. रुळांवर आडवं फडकं घालून, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून डबा चार वेळा पुढे-मागे केला की साफ. पावसाळ्यात पोलादी अ‍ॅक्सलच्या टोकांवर तांबूस गंज धरतो, आणि समुद्राकाठी तर तो आधीच येतो. खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवून प्रश्न बराच सुटला. टायरच्या पट्ट्याही पोलादी असतात, त्यांच्यावर वार्निशचा हात फिरवलेला बरा.

१४८ मध्ये मध्यावर आणणारी स्प्रिंग दांडीवरच दोन मिशांसारखी असते, त्यामुळे जुन्या ५ नंबरसारखी वेगळी ब्राँझची पट्टी बसवण्याची कटकट नाही. काही महिन्यांत एकही कपलर मध्यावर यायचा थांबला नाही. १५८ चं डोकं मापाला जास्त खरं दिसतं आणि १४८ ला जुळतंही, पण डोकं लहान असल्यामुळे चढ सुरू होतो तिथे उंचीतला फरक त्याला कमी सोसतो. पूर्ण प्लास्टिकच्या स्प्रिंगचे, दिसायला असेच असणारे कपलर दोन डब्यांपुरते ठीक. सहा डब्यांचं वजन साधारण १२०० ग्रॅम, त्याच्या ओढीने पहिल्या डब्यावरचा कपलर उन्हाळ्यात लोंबायला लागतो.

डब्यांच्या मधले व्हेस्टिब्यूलचे पडदे स्प्रिंगचे असतील तर ते जोडलेल्या डब्यांना सतत बाहेर ढकलतात, कपलर कायम ताणलेला राहतो, आणि चुंबकावर आणून सोडायचं म्हटलं तर ढिलाई मिळतच नाही. असे डबे हातानेच सोडवावे लागतात. नव्या डब्यांत एनईएम ३६२ (युरोपियन मानक) मापाचा, कपलर बसवायचा खिसा असतो, तिथे कॅडीचे १७ ते २० नंबर आहेत, १७ सर्वांत आखूड आणि २० सर्वांत लांब. सुरुवात १८ ने करा, पडदे एकमेकांना जेमतेम टेकतील असा नंबर निवडा, आणि खिशात कपलर लोंबत असेल तर दांडीखाली कागदाची एक घडी सरकवा.

कापलेले हात आणि जुनी चाकं डब्याच्या नावानिशी पुडीत बांधून खोक्यातच ठेवा. विकताना काही गिऱ्हाइकं ती मागतात.