फायरप्लेस घ्यायचीय? ज्वाळा नंतर, आधी धुराचं बघा

दुकानात गेलं की सगळे ज्वाळांकडे बघत बसतात, धूर कुठून जाणार हे कोणी विचारत नाही. पर्याय चारच, लाकूड, गॅस, इलेक्ट्रिक, इथेनॉल, आणि दिसायला चारही छान. फरक कळतो तो महिनाभर वापरल्यावर.

लाकडाची उघडी फायरप्लेस दिसायला राजेशाही पण ऊब द्यायला एक नंबरची कंजूष. जेमतेम 10 टक्के उष्णता खोलीत राहते, बाकी चिमणीतून वर, आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते, म्हणजे पुढ्यात बसणाऱ्याच्या नडग्या भाजतायत आणि पाठ गारच. त्यामुळे घरात अशी जुनी फायरप्लेस असेल तर तिच्यातच इन्सर्ट, म्हणजे काचेच्या दाराचा बंद स्टोव्ह बसवून घ्या. चांगला असेल तर 70 टक्क्यांच्या आसपास उष्णता देतो, लाकूडही कमी खातो.

पण लाकूड म्हणजे काम, हे आधीच सांगतो. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. ओंडका बाहेरून कोरडाठाक दिसतो आणि आतून ओला निघतो, म्हणून फोडून आतल्या ताज्या बाजूला मीटर लावायचा. मीटर नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा, सुकलेल्या खणखणीत वाजतात, ओल्या नुसत्या धप्प. ओलं लाकूड जाळलं किंवा रात्रभर हवा कमी करून धुमसत ठेवलं की चिमणीत क्रिओसोट नावाचा काळा चिकट थर साचतो आणि एक दिवस तोच पेटतो. मग चिमणीतून रेल्वे गेल्यासारखा आवाज येतो, तापमान 1000 अंशांच्या वर जाऊ शकतं. थर 3 मिलिमीटर झाला की साफसफाई, आणि थर असो नसो वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड अजिबात जाळायचं नाही.

माझीच फजिती सांगतो. पहिल्या वर्षी डँपर, म्हणजे चिमणीतली झडप, न उघडताच काडी लावली, दोन मिनिटांत सगळे खोकत बाहेर. दुसऱ्यांदा झडप उघडी होती तरी धूर घरात, तर किचनचा एक्झॉस्ट चालू होता आणि तो चिमणीतूनच हवा खेचत होता! तेव्हापासून आधी कागदाचा पेटता बोळा झडपेखाली धरतो, धूर वर गेला तरच पुढचं. आणि राख. वरून थंडगार दिसते पण आत निखारे तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहतात, त्यामुळे झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घरापासून निदान 3 मीटर लांब ठेवायची, व्हॅक्यूम क्लीनर तर लावूच नका.

एवढं झेपणार नसेल तर गॅस. त्यातही डायरेक्ट व्हेंटच घ्या, ती जळायला हवा बाहेरून घेते आणि धूरही बाहेरच सोडते. बिनव्हेंटची स्वस्त पडते पण जळलेला वायू आणि वाफ सगळं खोलीतच, मला नाही पटत. गॅसवाल्यांची काच 200 अंशांच्या वर तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तशीच राहते, घरात रांगतं पोर असेल तर समोर जाळी हवीच. सर्व्हिसिंग वर्षातून एकदा.

इलेक्ट्रिकमध्ये ज्वाळा म्हणजे एलईडी आणि आरशाची करामत. साधारण 1500 वॅट, म्हणजे तासाला दीड युनिट, चिमणी नको, राख नाही. भाड्याच्या घरात हीच. फक्त प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशन बोर्ड तापून वितळतो.

इथेनॉलवाली टेबलावर मस्त दिसते, पण मी घेणार नाही. तिची ज्योत कधी कधी दिसतच नाही, विझली समजून माणूस वरून इंधन ओततो आणि बाटलीतून आगीचा झोत अंगावर येतो. यात माणसं गेलीयत. कोणाला घ्यायचीच असेल तर पूर्ण थंड झाल्याशिवाय भरू नका.

इलेक्ट्रिक सोडून काहीही घेतलं तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, त्या वायूला ना वास ना रंग, आणि एक अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ लावा. पडदे, सोफा, वाळत घातलेले कपडे 1 मीटर लांब.

आणि हो, सेकंडहँड स्टोव्ह बघायला गेलात तर खिशात एक कागद ठेवा. दारात धरून दार लावायचं आणि ओढायचा, अलगद निघून आला तर दाराची सीलची दोरी गेलीय, बदलावी लागणार, तेवढे पैसे भाव करताना कापून घ्या.