रेशीमकिड्यांची अंडी उबवताना: खिडकीचा उजेड की टायमरचा दिवा?

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये रेशीमकिडे पाळायचे ठरले की तापमान आणि आर्द्रता यांचा विचार सगळेच करतात. अंडी उबण्याच्या दहा-बारा दिवसांत त्यांना उजेड कुठून द्यायचा, हा प्रश्न मात्र बहुधा उशिरा सुचतो. शाळेतल्या मुलांना दाखवण्यासाठी मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत: खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड आणि बंद कपाटात टायमरवर चालणारा लहान एलईडी दिवा.

खिडकीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. खर्च काहीच नाही, आणि अळ्या स्वभावतःच सकाळच्या उजेडाबरोबर बाहेर पडत असल्यामुळे पहाटेचा मंद प्रकाश त्यांना मानवतो. फक्त थेट ऊन अंड्यांवर पडता कामा नये. रात्री जिथे खरोखर काळोख होतो, अशा गावात मी कदाचित दिव्याचा विचारही केला नसता.

माझ्या खिडकीसमोर मात्र एका बांधकामावरचा हॅलोजन रात्रभर जळत असे. अंड्यावर काळा ठिपका उमटून ते निळसर झाले, की उरलेला एक-दोन दिवस त्याला पूर्ण अंधारात ठेवायचे आणि ठरलेल्या सकाळी एकदम उजेड दाखवायचा, म्हणजे मागेपुढे असलेल्या अळ्या एकत्र बाहेर येतात. यालाच ब्लॅक बॉक्सिंग म्हणतात. खिडकीपाशीही काळा कागद गुंडाळता येतो आणि त्याने थोडा फरक पडलाही, परंतु रंग पाहण्यासाठी कागद उलगडला की हॅलोजनचा उजेड आत शिरायचाच.

परिणामी एकाच अंडीपुंजातल्या, म्हणजे एका मादीने घातलेल्या अंड्यांतल्या, साडेचारशेच्या आसपास अळ्या तीन दिवस थोड्याथोड्या निघत राहिल्या. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. पहिल्या दिवशीच्या अळ्या माना वर करून कात टाकण्यासाठी निश्चल बसल्या, तेव्हा त्यांना पाला द्यायचा नव्हता. त्यांच्या शेजारच्या तिसऱ्या दिवशीच्या अळ्या मात्र भुकेल्या होत्या. मऊ पिसाने त्यांना वेगळे करण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि सुकलेल्या पानांखाली राहिलेल्या कितीतरी बारीक अळ्या माझ्या हातूनच कचऱ्यात गेल्या. ते मला फार लागले.

दिव्यातही दोष आहेत. साधा पिवळा बल्ब कपाट तापवतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात त्याने अंडी सुकून त्यांना खळगे पडले. वीज गेली की काही टायमरांचे घड्याळ मागे पडते. दिवा प्रखर असल्यास नव्या अळ्या एका कोपऱ्यात गर्दी करतात. त्यांना पंधरा ते तीस लक्स (उजेड मोजण्याचे एकक) इतकाच मंद उजेड पुरतो. सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार हे प्रमाण मी शेवटच्या अंधारापर्यंत पाळतो.

पुढची पिढी घ्यायची असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बायव्होल्टाइन, म्हणजे वर्षात दोन पिढ्या होणाऱ्या, जातींत अंडे उबताना मिळालेले तापमान आणि उजेड यांवरून त्यातून पुढे होणाऱ्या मादीची अंडी सुप्तावस्थेत जातील की लगेच उबतील हे ठरते, असे कोगुरे या जपानी संशोधकाने १९३३ मध्ये दाखवले. पंचवीस अंश आणि भरपूर उजेड मिळाल्यास ती सुप्तावस्थेत जाणारी अंडी घालते.

माझा अनुभव एका घरापुरता आहे, हे मान्य. तरीही गेल्या खेपेस सकाळी सहाला कपाटात काळा कागद उलगडून दिवा लावला, आणि साडेआठपर्यंत मुंगीएवढ्या काळ्या अळ्यांनी कोवळ्या तुतीची पाने भरून गेली होती. दुसऱ्या दिवसासाठी जेमतेम वीस-पंचवीस अंडी उरली.