जुन्या सागवानी दरवाजासाठी पेंट रिमूव्हर : खान्देशच्या उन्हात कितपत कामाचा?

वाडा उतरवताना निघालेला सागवानी दरवाजा नव्या घराला बसवायचा, तर आधी त्यावरचे ऑइल पेंटचे चार-पाच थर काढावे लागतात. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिथिलीन क्लोराईडचा जेलीसारखा रिमूव्हर मिळतो. माल उत्तम, पण आपल्याकडे तो वेळ पाहूनच वापरावा.

या द्रावकाचा उत्कलनबिंदू जेमतेम ४० अंश. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, उन्हातली फळी त्याहून तापते. जेली रंगात मुरण्याआधीच उडून जाते आणि लोक म्हणतात, माल डुप्लिकेट निघाला. दिवाळी ते होळी हा याचा खरा हंगाम. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे, सावलीत, आणि जेली लावल्याबरोबर वर पॉलिथिन अंथरून.

थर २-३ मिलिमीटर जाड हवा, तोही एकाच दिशेने. ब्रश मागेपुढे फिरवला की जेलीतल्या मेणाची वर धरलेली, वाफ रोखणारी साय मोडते. १५-२० मिनिटांत रंग सुरकुततो, मग बोथट पत्तीने काढायचा. खाली चुन्याचा थर निघाला तर त्यावर रिमूव्हर चालत नाही. तो पाणी आणि काथ्याने घासून काढा. नक्षीत लोखंडी तारेचा ब्रश नकोच. तारेचे तुटके कण ओल लागली की सागात काळे डाग पाडतात. पितळी ब्रश घ्या. खिळ्यांभोवतीचे जुने काळे डाग लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने बरेच फिके होतात. नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसायचं.

मालाची मोठी उणीव म्हणजे मागे राहणारं मेण. थिनरने दोनदा नीट पुसलं नाही, तर पॉलिश धरत नाही. दुसरी उणीव वाफ. ती हवेपेक्षा जड, खाली साचते आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साईड होतो. बंद खोलीत हे काम जिवावर बेतू शकतं, कापडी मास्कचा काही उपयोग नाही. उघड्या अंगणातच करा. साधे रबरी हातमोजे लवकर मऊ पडतात, जास्तीचे जोड जवळ ठेवा.

तरीही कोरड्या घासकामापेक्षा रिमूव्हरच बरा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीचा रंग शिशाचा समजूनच चालावं. मशीनने कोरडा घासला की ती धूळ घरभर पसरते, लहान मुलांच्या पोटात जाते. ओली खरवड मात्र कागदावर गोळा करता येते.

डबा गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. तापलेल्या डब्यात दाब साचतो. आधी सावलीत थंड होऊ द्या, मग झाकणावर कापड धरून हळूहळू सैल करा.